शाळेत शेंगदाण्यावर बंदी हवी का?

वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर सगळ्या शाळेने डब्यात शेंगदाणा आणायचाच नाही का? आज याच प्रश्नाचा विचार करू.

आधी अ‍ॅलर्जी समजून घेऊ. शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. कधी अंगावर पित्त उठतं आणि तेवढ्यावर भागतं. कधी मात्र काही मिनिटांत घसा सुजतो, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून बंदी मागणाऱ्या आईला कुणी घाबरट म्हणू नये.

पण बंदी पाळायची कशी? आपल्याकडे दाण्याचा कूट कशात नसतो? साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, सुकी चटणी, चिक्की. सकाळच्या घाईत डबा भरताना ते लक्षातही येत नाही. शिवाय अ‍ॅलर्जी दुधाची, अंड्याची, गव्हाची, काजूची, कोळंबीचीही असते. सगळंच बंद केलं तर डब्यात उरणार काय? आणि बंदीचा कागद लावला की शाळा निर्धास्त होते, हा मोठा धोका.

२०२१ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट बंदीपेक्षा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि शाळेत अ‍ॅड्रेनलिनचा साठा यावर त्यांचा भर आहे. पुरावा अजून तोकडा आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. डब्यात काय असावं हा वाद लगेच जातीधर्मावर जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, तेव्हाही विरोध झाला. मात्र अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी फळाचा पर्याय होता. एकाला पर्याय देणं वेगळं आणि सगळ्यांच्या ताटातून काढून घेणं वेगळं.

मग करायचं काय? आमचं म्हणणं असं: बालवाडीत मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात, तिथे त्या एका वर्गापुरतं बंधन योग्य. मोठ्या वर्गांत डबा वाटून खायचा नाही, जेवणाआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. मुलाचा फोटो, अ‍ॅलर्जी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली कृती शिक्षकांकडे आणि पोषण आहार वाढणाऱ्या ताईंकडे हवी.

अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. परदेशात मिळणारं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. स्वस्तातली अँप्यूल मिळते, पण ती सिरिंजमध्ये भरून द्यायला शिकावं लागतं. म्हणून शाळेने जवळच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. जोगेश्वरी पूर्वेला हायवेलगत महापालिकेचं ट्रॉमा रुग्णालय आहे. पण दुपारच्या ट्रॅफिकमध्ये पश्चिमेहून तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अशा वेळी पहिलं इंजेक्शन शाळेतच मिळायला हवं. पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा: आमच्या शाळेत ते कोण देणार?