किल्टच्या आधी होती पेटी

इंग्लंडमधल्या डरहॅम शहरात 2013 साली विद्यापीठाच्या ग्रंथालयाशेजारी एका कॅफेचं बांधकाम चालू होतं. खोदताना माणसांची हाडं लागली. खड्ड्यात कसेही टाकलेले सांगाडे, बहुतेक कोवळ्या वयाच्या पुरुषांचे. शवपेटी नाही, खूण नाही. संशोधकांनी मग त्यांचे दात तपासले. लहानपणी माणूस जिथलं पाणी पितो, तिथली रासायनिक छाप दात घडताना त्यांत उतरते आणि पुढे कधी पुसली जात नाही. त्या छापेवरून कळलं की यांतल्या बऱ्याच जणांचं बालपण स्कॉटलंडात गेलं होतं. काहींच्या दातांना अर्धगोल खाचा होत्या, मातीचा पाइप दातांत धरून धरून पडलेल्या. तंबाखूचा पाइप तिकडे सतराव्या शतकातच रुळला, म्हणजे सांगाडे त्याहून जुने असणं शक्य नव्हतं. 2015 साली विद्यापीठाने जाहीर केलं: हे डनबारच्या लढाईतले कैदी आहेत.

3 सप्टेंबर 1650 रोजी स्कॉटलंडमधल्या डनबारला इंग्रज सेनापती क्रॉमवेलने स्कॉटिश फौजेचा धुव्वा उडवला. हजारो कैद्यांना पायी हाकत डरहॅमला आणलं आणि तिथल्या कॅथीड्रलमध्ये कोंडलं. उपासमारीने आणि हगवणीने ते शेकड्यांनी मेले. जगले त्यांतल्या सुमारे दीडशे जणांना ‘युनिटी’ नावाच्या जहाजातून अमेरिकेत बोस्टनला पाठवून काही वर्षांच्या बांधील मजुरीसाठी विकण्यात आलं. कित्येक जण जवळच्या सॉगस इथल्या लोखंडाच्या कारखान्यात राबले, काही उत्तरेकडच्या लाकडाच्या गिरण्यांत गेले. मुदत संपली की माणूस मोकळा, पण परत जायला पैसा नाही आणि आजारी पडला तर विचारणारं कोणी नाही.

या मुदती संपत आल्या होत्या त्याच सुमारास, 1657 साली, बोस्टनमधल्या स्कॉटिश मंडळींनी स्कॉट्स चॅरिटेबल सोसायटी स्थापन केली. सभासद होताना निदान बारा पेन्स द्यायचे, मग दर तिमाहीला सहा. जमलेली रक्कम पेटीत ठेवायची आणि अडल्यानडल्या देशबांधवासाठी काढायची. मधे काही वर्षं खंड पडला, पण 1684 साली मंडळींनी ती पुन्हा उभी केली. परदेशातल्या स्कॉटिश मंडळांचा विषय निघाला की डोळ्यांपुढे चौकड्यांचा किल्ट येतो, कानांत बॅगपाइप वाजतो. मला थक्क करते ती ही पेटी. गावाकडच्या मंडळींनी वर्गणी काढून मुंबईत नव्याने आलेल्याला गिरणगावच्या खोलीत पथारी टाकायला जागा करून द्यावी, तीच ही भावना. आणि तीही केव्हा? शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून सतरा वर्षं होती.

पेटीची कल्पना बोस्टनच्याही आधीची. 1603 साली स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला, त्याच्यापाठोपाठ कितीतरी स्कॉटिश कारागीर लंडनला आले. त्यांनी 1611 मध्ये ‘स्कॉट्स बॉक्स’ नावाने अशीच पेटी ठेवली. तिचा वारसा सांगणारी संस्था आजही लंडनमध्ये गरजू स्कॉटिश लोकांना मदत करते. पुढे 1729 साली अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये पहिली सेंट अँड्र्यूज सोसायटी निघाली, 1747 मध्ये फिलाडेल्फियात, 1756 मध्ये न्यूयॉर्कला. हेतू बहुतेक तोच.

मग चौकडी कुठून आली? 1746 साली, पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचं जॅकोबाइट बंड मोडल्यावर, हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना तिथला पारंपरिक पोशाख घालायला कायद्याने बंदी झाली. ती उठवण्यासाठी झटली ती लंडनमध्ये 1778 साली निघालेली हायलँड सोसायटी, आणि 1782 मध्ये बंदी उठली. याच सोसायटीने 1815 साली कुळप्रमुखांना पत्रं लिहून आपापल्या कुळाच्या टार्टनचा, म्हणजे चौकडीच्या कापडाचा तुकडा सही-शिक्क्यासह मागवला. आणि गंमत पाहा, आपल्या कुळाची चौकडी नक्की कोणती, हे काही प्रमुखांनाच सांगता येईना! प्रत्येक कुळाला ठरलेली एक चौकडी, ही आज अनादि वाटणारी व्यवस्था पक्की होण्यात घर सोडून राजधानीत राहणाऱ्यांचा एवढा मोठा वाटा आहे.

अमेरिकेत चर्चमध्ये टार्टनला आशीर्वाद देण्याचा सोहळा होतो, ‘कर्किन ऑफ द टार्टन’. बंदीच्या काळात लोक चौकडीचा तुकडा लपवून चर्चमध्ये नेत, अशी कथा सांगतात. तिला जुना पुरावा नाही. हा सोहळा रूढ केला तो स्कॉटलंडहून आलेले पाद्री पीटर मार्शल यांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वॉशिंग्टनमध्ये. म्हणून तो खोटा ठरतो असं मला मुळीच वाटत नाही. दूर गेलेल्या माणसांना जे हवं होतं ते त्यांनी घडवलं आणि मनापासून पाळलं.

नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रँडफादर माउंटनवर 1956 पासून भरणारे हायलँड खेळ याच वळणाचे. पहिला मेळा 19 ऑगस्टला भरवला, कारण 1745 साली त्याच तारखेला स्कॉटलंडातल्या ग्लेनफिनन इथे त्याच जॅकोबाइट बंडाचं निशाण उभारलं गेलं होतं. आता तो जुलैत असतो. सुरुवातीच्या संध्याकाळी कुळांचे प्रतिनिधी पेटत्या मशाली घेऊन मैदानावर येतात आणि आपलं कूळ हजर असल्याची आरोळी देतात. दुसरीकडे केबर फेकण्याची स्पर्धा. केबर म्हणजे झाडाचा सोललेला आख्खा सोट. तो उभा उचलून धावत जायचं आणि असा भिरकवायचा की त्याने हवेत कोलांटी घेऊन फेकणाऱ्याच्या अगदी समोर सरळ रेषेत पडावं. किती लांब गेला याला गुण नसतात, किती सरळ पडला याला असतात.

मुंबईलाही हा धागा येऊन भिडतो. माहीमची बॉम्बे स्कॉटिश शाळा मुलांच्या निकालांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे, पण 1847 साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी ती सुरू केली तेव्हा तिचं नाव होतं ‘स्कॉटिश फीमेल ऑर्फनेज’, म्हणजे मुलींचं अनाथालय.

तुमचं कोणी अमेरिकेत, कॅनडात किंवा न्यूझीलंडमध्ये असेल तर उन्हाळ्यातला असा एखादा मेळा जरूर पाहा. बॅगपाइप ऐका, केबर पाहा, पण कुळांच्या तंबूंकडेही जा. तिथे वंशावळी उलगडून बसलेली मंडळी असतात, त्यांना विचारा तुमचे पूर्वज कसे आले म्हणून. एखाद्याच्या उत्तरात ‘युनिटी’ जहाजाचं नाव निघणं अशक्य नाही. त्या कैद्यांचे वंशज आजही अमेरिकेत आहेत.