कानांची मशागत : अनोळखी संगीत ऐकण्याचे आरोग्य

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधच्या तलावाकाठी पहाटे उभे राहिले की शांतता म्हणजे आवाजांचा अभाव, ही आपली समजूत फार वेळ टिकत नाही. पाळीवर आदळणाऱ्या लाटांचा मंद थपथपाट, टिटवीची तीक्ष्ण हाक, पाणकोंबड्यांची कुजबुज आणि दूर रानातून येणारा वानरांचा खाकरा यांची एकमेकांशी काहीच ओळख नसते. तरीही त्यांचा एक मेळ जमतो. सातबहिणींच्या डोंगरांनी वेढलेला हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तलाव बांधून भातशेती फुलवणाऱ्या कोहळी समाजाने या झाडीपट्टीला पाणी दिले आणि पाण्यामागोमाग पक्षी आले. 1975 मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 मध्ये हा परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाला.

अशा गावाच्या निमित्ताने जगभरातील प्रयोगशील संगीताविषयी बोलणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांत जगातील अनेक संगीतकारांनी जे शोधले, त्याचा गाभा अशा तलावाकाठी सहज सापडतो. सवयीचा सूर नसला, ताल नसला, शब्द नसले, तरी कान देऊन ऐकता येते का, हा त्यांचा प्रश्न आहे. हाच प्रश्न आपल्या कुटुंबाच्या आरोग्याशीही जोडलेला आहे.

एका भारतीय विदुषीचे उत्तर

या कथेचा एक महत्त्वाचा धागा भारतातून निघतो. पखवाज वाजवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी एक असलेल्या अहमदाबादच्या गीता साराभाई 1946 मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर होणारा परिणाम समजून घ्यावा, हा त्यांचा हेतू होता. तेथे जॉन केज या तरुण संगीतकाराने त्यांना पाश्चात्त्य संगीतरचना शिकवली आणि मोबदल्यात त्यांच्याकडून भारतीय संगीत समजून घेतले. संगीताचे प्रयोजन काय, असे केज यांनी विचारले, तेव्हा गीताबेनांनी आपल्या गुरूंची शिकवण सांगितली : मनाला संयत व शांत करावे, म्हणजे ते दिव्य प्रभावांना ग्रहणशील होते. या उत्तराने केज यांच्या कलेची दिशा बदलली. तंतूंमध्ये स्क्रू, बोल्ट व रबर अडकवलेल्या पियानोसाठी त्यांनी 1946 ते 1948 या काळात लिहिलेल्या रचनांमागे आपल्या रससिद्धान्ताची प्रेरणा होती.

पुढे 29 ऑगस्ट 1952 रोजी अमेरिकेतील वुडस्टॉक येथे डेव्हिड ट्यूडर हे वादक केज यांची नवी रचना सादर करण्यासाठी पियानोपुढे बसले. त्यांनी पियानोचे झाकण लावले आणि चार मिनिटे तेहतीस सेकंद एकही स्वर वाजवला नाही. श्रोत्यांना ऐकू आला तो बाहेरचा वारा, छतावर पडणारे पावसाचे थेंब आणि स्वतःचीच चुळबुळ. अनेकांना ही थट्टा वाटली. केज यांना मात्र एवढेच सुचवायचे होते की ध्वनी सदैव असतात, ऐकणारा मात्र सदैव हजर नसतो. याच ट्यूडर यांनी 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. गीताबेनांसह काही भारतीय रचनाकारांनी तेथे केलेले प्रयोग ध्वनिफितींवर जपले गेले आणि 2023 मध्ये ते संकलनरूपाने प्रसिद्ध झाले.

तंबोरा, हार्मोनियम आणि परदेशी चुलतभावंडे

प्रयोगशील संगीत परके वाटते, कारण त्यात आपल्याला हवी असलेली चाल सापडत नाही. तथापि आपल्या घरातील वाद्यांकडे नीट पाहिले, तर हे परकेपण बरेच ओसरते. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेला तंबोरा घ्या. जवारीवर ठेवलेल्या सुती धाग्यामुळे, म्हणजे ‘जीव’ लावल्यामुळे, एकाच तारेतून मूळ स्वरासोबत कितीतरी उपस्वर झंकारतात. तंबोऱ्याजवळ दहा मिनिटे स्वस्थ बसणाऱ्याला प्रथम एकच ध्वनी ऐकू येतो आणि हळूहळू त्यातील थर उलगडतात. ला मॉन्टे यंग या अमेरिकन रचनाकाराने अशा दीर्घकाळ स्थिर राहणाऱ्या स्वरांवर आपले संगीत उभारले. किराणा परंपरेतील पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्वही त्यांनी 1970 मध्ये स्वीकारले.

भजनी मंडळातील हार्मोनियमचेही तसेच. भात्याच्या हवेने पितळी रीड थरथरवणारे हे वाद्य अकॉर्डियनचे जवळचे नातलग आहे. पॉलीन ऑलिव्हेरॉस या अमेरिकन रचनाकार अकॉर्डियन वाजवत. 1988 मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका जुन्या लष्करी ठाण्याच्या भूमिगत, रिकाम्या जलकुंभात उतरून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह वादन ध्वनिमुद्रित केले. तेथे प्रत्येक स्वर सुमारे 45 सेकंद घुमत राहत असे. त्यामुळे पुढचा स्वर लावण्यापूर्वी आधीच्या स्वराचे ऐकणे भागच होते. या अनुभवातून त्यांनी ‘सखोल श्रवण’ ही साधना विकसित केली. संगीताचे शिक्षण नसलेल्या माणसालाही ती करता येते.

फिनलंडचे रचनाकार आइनोयुहानी राउतावारा यांची 1972 मधील ‘कान्टुस आर्क्टिकुस’ ही रचना नवेगावच्या पक्षिप्रेमींना विशेष जवळची वाटेल. औलू विद्यापीठाच्या पदवीदान समारंभासाठी लिहिलेल्या या रचनेत वाद्यवृंदासोबत उत्तरेकडील दलदलींमध्ये ध्वनिमुद्रित केलेले पक्ष्यांचे आवाज आहेत. शेवटच्या भागात स्थलांतर करणाऱ्या हंसांचे थवे जणू डोक्यावरून जातात.

झाडीपट्टीचा तयार कान

हे सारे दूरचे वाटू नये. गोंदिया जिल्ह्यातील धानशेती व तलावांच्या परिसरात सारसाची जोडी माना उंचावून एकत्र हाक देते, तेव्हा नर व मादी आपापले स्वर असे गुंफतात की ऐकणाऱ्याला दोन पक्षी वेगळे करता येत नाहीत. दिवाळीनंतर रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटके, दंडार, खडी गंमत आणि गोंड समाजाची नृत्यगीते यांवर वाढलेला कान मुळात एकाच साच्याचा नसतो.

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगाव बांध येथे काढलेला काळ या दृष्टीने बोलका आहे. वनाच्या वाचनाइतकेच वनाचे ऐकणे त्यांच्या लेखनात आहे. गावातील माधवराव पाटील आणि रानात वावरणारी आदिवासी माणसे यांच्याकडून त्यांनी पक्ष्यांची नावे, हाका व सवयी टिपल्या. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे नेमके शब्द त्यांनी मराठीला दिले. कान जे वेगळे करतो, त्याला भाषा नाव देते; आणि नाव मिळाले की कान ते पुन्हा सहज ओळखतो.

पणाला काय लागले आहे?

हा सगळा केवळ रसिकतेचा विषय असता, तर आरोग्याच्या पाक्षिकात त्याला जागा मिळाली नसती. आपल्या प्रत्येक कानाच्या आत शंखाकृती भागात सुमारे 15,000 सूक्ष्म रोमपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या नष्ट झाल्या, तर मनुष्यात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास सुरक्षितपणे ऐकता येतो. 90 डेसिबलला ही मर्यादा केवळ 4 तासांवर येते. लग्नाच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे हा हिशेब फार लवकर संपतो. आपल्याकडील ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, ती याच कारणासाठी.

वय वाढते तशी उंच स्वरांची जाणीव प्रथम कमी होते. आजोबांना दूरचित्रवाणीचा आवाज वाढवावा लागतो, नातवंडांचे कोवळे आवाज समजत नाहीत, ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. आणि एके दिवशी लक्षात येते की पहाटेचे बारीक आवाजाचे पक्षी कित्येक महिन्यांत ऐकूच आलेले नाहीत. मग माणूस संभाषणातून हळूहळू अंग काढून घेतो. उपचार न केलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या जोखमींपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने नमूद केले आहे. म्हणून ऐकण्याची क्षमता जपणे म्हणजे माणसांमधील नाते जपणे होय.

अनोळखी संगीत नष्ट झालेल्या पेशी परत आणत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ते आपल्याला मंद आवाजात लक्ष देण्याची सवय लावते. चाल ओळखीची असते, तेव्हा मन पुढचे गृहीत धरते आणि कंटाळा आला की आपण आवाज वाढवतो. अनोळखी रचनेत पुढचे काहीच गृहीत धरता येत नाही, त्यामुळे कमी आवाजातही मन जागे राहते. पहिल्यांदा न आवडलेले पुढे आवडू लागते, हाही अनुभव निराधार नाही. वारंवार परिचयाने पसंती वाढते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये प्रयोगांनी दाखवले होते.

घरातील श्रवणाचा पाव तास

आठवड्यातून दोनदा, रात्रीच्या जेवणापूर्वी, सर्वांनी पंधरा मिनिटे एकत्र बसावे. पहिली पाच मिनिटे काहीही लावू नये. घरातील व बाहेरील आवाज ऐकावेत. सर्वांत जवळचा आवाज कोणता आणि सर्वांत दूरचा कोणता, हे प्रत्येकाने मनात नोंदवावे. त्यानंतर एक अनोळखी रचना लावावी. एका आठवड्यात राउतावारा, दुसऱ्यात ऑलिव्हेरॉस, तिसऱ्यात केवळ तंबोरा, चौथ्यात आजीने म्हटलेली जात्यावरची ओवी, असा क्रम ठेवता येईल. शक्यतो इअरफोन न वापरता लहान स्पीकर मध्ये ठेवावा. इअरफोन वापरायचाच असेल, तर आवाज कमाल पातळीच्या 60 टक्क्यांपेक्षा कमी असावा.

रचना संपल्यावर ‘आवडले का?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी विचारावे : काय ऐकू आले? मध्येच काय बदलले? श्वास संथ झाला की अंग आखडले? लहान मुलांची उत्तरे बहुधा मोठ्यांपेक्षा नेमकी असतात. कोणाला एखादी रचना अस्वस्थ करू लागली, तर ती निःसंकोच थांबवावी. सहनशक्तीची परीक्षा घेणे हा येथे हेतू नाही.

या बैठकीचा आणखी एक लाभ असा की घरातील कोणाला काय ऐकू येत नाही, हे आपोआप कळते. तंबोऱ्याचे उपस्वर किंवा पक्ष्यांची किलबिल एकालाच जाणवत नसेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. शांततेत कानात सतत गुंजन होत असल्यासही सल्ला घ्यावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी उपचार जितके लवकर, तितकी श्रवण परत येण्याची शक्यता अधिक.

शेतकरी बी पेरण्यापूर्वी जमीन भुसभुशीत करतो. कोणते बी रुजेल, हे त्याला नेमके ठाऊक नसते, पण कठीण जमिनीत काहीच रुजत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. कानांचेही तसेच आहे. येत्या हिवाळ्यात नवेगाव बांधला जाण्याचा योग आला, तर सोबतचा स्पीकर गाडीतच ठेवावा, आजी-आजोबांना आणि मुलांना पाळीवर शेजारी शेजारी बसवावे आणि कोणाला किती आवाज ऐकू येतात, ते मोजावे.