डेंग्यूचा विषाणू आणि पेशींमधली कातरणी

पावसाळा सरत आला की दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरांत महापालिकेचे कर्मचारी कूलरमधल्या अळ्या शोधत फिरतात. त्याच दिवसांत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्लाही घरोघरी मिळतो. पांढऱ्या पेशी विषाणू गिळून पचवतात, म्हणून पचन जितकं जोरदार तितकं बरं, असा त्यामागचा समज.

तो अर्धाच खरा आहे. पेशीत प्रोटिअसोम नावाची पिंपाच्या आकाराची कातरणी असते. युबिक्विटिनची खूण लागलेली प्रथिनं ती कापते. त्यातले आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे एमएचसी रेणूच्या खाचेत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ते पाहून टी-पेशी बाधित पेशी ओळखतात. ही ओळख एमएचसीवाचून पटत नाही, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यांना १९९६च्या ऑक्टोबरमध्ये नोबेल जाहीर झालं, तेव्हा दिल्ली डेंग्यूशी झुंजत होती: दहा हजारांवर रुग्ण, ४२३ मृत्यू.

सगळंच पचवून टाकलं तर टी-पेशींना दाखवायला काय उरणार? म्हणूनच असे तुकडे टी-पेशींना दाखवणाऱ्या डेंड्रिटिक पेशी गिळलेली प्रथिनं सावकाश तोडतात. संसर्गात इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप्या प्रथिन सुटलं की कातरणीची तीन पातीही बदलतात. आर. के. पुरमपासून काही किलोमीटरवरच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत विनीता बाळ आणि सत्यजित रथ यांनी वर्षानुवर्षं अभ्यासलं ते याच प्रतिकारयंत्रणेचं शास्त्र.

दुसरा गैरसमज अधिक घातक: राखण करणाऱ्या पेशींना बाधा होत नाही. डेंग्यूचा विषाणू नेमका डेंड्रिटिक पेशी आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींमध्येच शिरतो. त्याचं एनएस-५ प्रथिन इंटरफेरॉनचा निरोप पोचवणाऱ्या स्टॅट-२ला पेशीच्याच कातरणीकडे धाडतं. सायटोमेगॅलो विषाणू तर एमएचसीलाच तिथे ढकलतो. मात्र एमएचसी नाहीशी झालेली पेशी नैसर्गिक मारक पेशींच्या नजरेत भरते.

‘एकदा झाला, आता भीती नाही’ हेही चूक. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. पहिल्या खेपेची प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण कधीकधी त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट पेशीत शिरायला वाट करून देतात. म्हणून दुसरी खेप जास्त गंभीर होऊ शकते.

ताप आला तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. कूलर त्याआधी रिकामा करून, घासून वाळवा.