कोंबडी खुडूक बसली की…

परसात दाणे टाकले की सगळ्यांच्या आधी धावणारी कोंबडी एखाद्या सकाळी येतच नाही. शोधायला गेलं तर ती खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा सरपणाच्या मागे सापडते. पिसं फुलवून, अंग जमिनीला चिकटवून बसलेली. हात पुढे केला की घशातून घरघरते, चोच मारते. उचलून अंगणात सोडली तर खुडखुड करत एक फेरी मारते, एकच मोठी घाणेरड्या वासाची विष्ठा टाकते, घाईघाईनं चार दाणे टिपते आणि परत त्याच जागी जाऊन बसते. नव्यानं कोंबड्या पाळणारे इथे घाबरतात, औषध आणायला धावतात. पण हा आजार नाही. कोंबडी खुडूक झाली आहे.

खुडूक होणं म्हणजे अंडी घालणं थांबवून ती उबवायला बसणं. दिवस मोठा होऊ लागला, आडोशाची जागा मिळाली आणि तिथे अंडी साठत गेली की कोंबडीच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन जास्त प्रमाणात स्रवू लागतं. गायी-म्हशींना आणि बायकांना दूध येण्यामागेही हेच संप्रेरक असतं. त्याच्या जोरावर कोंबडीच्या पोटाखालची पिसं गळतात आणि उघडी, गरम कातडी थेट अंड्यांना टेकते. भूक मंदावते, वजन उतरतं. तेव्हा तिच्या बसण्याला हट्टीपणा म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

पोल्ट्रीतल्या लेगहॉर्नमधून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ घालवला आहे. म्हणून ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. आपली गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, पिल्लं काढते, पुन्हा अंड्यावर येते. तिची वर्षाची अंडी साठ-सत्तरच्या आसपास भरतात, पण यंत्राशिवाय आणि विजेशिवाय पिल्लं काढून देणारी तीच.

म्हणून खुडूक कोंबडी दिसली की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ठरवावं, पिल्लं हवीत की नकोत. कळपात कोंबडा नसेल तर अंडी कितीही उबवली तरी फळणार नाहीत. अशा वेळी तिला आठवडेच्या आठवडे रिकाम्या जागी बसू देणं वाईट. ती वाळत जाते, अंगावर उवा होतात.

खुडूक मोडायची तर खालून वारा लागला पाहिजे. जाळीच्या तळाचा पिंजरा चार विटांवर उचलून उजेडात पण सावलीत ठेवावा. आत गवत, भुसा काही नको. खाणं-पाणी मात्र पोटभर. पोटाखालची ऊब निघून गेली की तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या भानावर येतात आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत पुन्हा अंडी घालू लागतात. खेडोपाडी कोंबडीला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीतून पीस ओवतात. हे बंद व्हायला हवं. पिंजऱ्यानं जे होतं त्यासाठी मुक्या जिवाला इजा करायची गरजच नाही.

पिल्लं हवी असतील तर पसरट टोपलीत तळाला राख आणि वर भाताचा पेंढा घालावा. राखेनं उवा कमी होतात. कोंबडीच्या आकाराप्रमाणे दहा-बारा अंडी पुरेत. जास्त ठेवली तर कडेची अंडी गार पडतात आणि सरकवता सरकवता सगळीच बिघडतात. अंडी आठवड्याच्या आतली, स्वच्छ, न धुतलेली असावीत आणि सगळी एकाच वेळी ठेवावीत. प्रत्येकावर पेन्सिलीनं किंवा कोळशानं खूण करावी. ही खूण मी कधीही टाळत नाही. कारण कोंबडी चरायला उठली की दुसरी येऊन त्याच टोपलीत अंडं घालते, आणि बिनखुणेचं ते अंडं ओळखून त्याच दिवशी काढता येतं. खूण नसली तर पिल्लं मागेपुढे होतात, कोंबडी पहिल्या पिल्लांबरोबर उठून जाते आणि उरलेली अंडी तशीच राहतात.

सातव्या-आठव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून पाहावं. फळलेल्या अंड्यात एका काळ्या ठिपक्याभोवती लाल शिरांचं जाळं पसरलेलं दिसतं. नीट पाहिलं तर तो ठिपका हलतोही. जे अंडं आरपार स्वच्छ दिसतं ते वांझ, ते काढून टाकावं.

दिवसातून एकदा कोंबडी पंधरा-वीस मिनिटं उठते. त्या वेळी दाणे, पाणी आणि मातीत लोळायची जागा जवळ असावी. अंडी फिरवण्याचं काम तिचं, ती चोचीनं ते चोख करते. चैत्र-वैशाखाच्या काहिलीत मात्र अंडी लवकर खराब होतात. तेव्हा बसवायचं टाळलेलं बरं.

एकविसाव्या दिवशी कवचाला टवका उडतो. त्याच्या आधीच आतून चिवचिव येते आणि कोंबडी तिला हळू आवाजात उत्तर देते. पिल्लू बाहेर यायला बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. कवच सोलून मदत करू नये, रक्तस्राव होऊन पिल्लू मरतं. पोटात ओढून घेतलेला बलक त्याला पहिला दिवसभर पुरतो.

पहिले काही आठवडे पिल्लांना डालग्याखाली झाकावं. घार, मुंगूस आणि मांजर टपलेलीच असतात. आठवड्याच्या आत मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंबानं द्यावी. गावातली पिल्लं सर्वाधिक याच रोगानं जातात. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवावं. दोन महिन्यांच्या आसपास कोंबडी स्वतःच पिल्लांना चोच मारून दूर करू लागते. मग थोड्याच दिवसांत ती पुन्हा अंड्यावर येते.