चेतापेशीतील आज्ञापत्रांचा प्रवास

पाठीच्या कण्यातून पावलाकडे जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो. प्रथिनांचा आराखडा मात्र पेशीकेंद्रात जतन केलेला असतो. मग दूरच्या टोकांची गरज वेळेवर कशी भागते?

प्रत्येक प्रथिन केंद्राजवळ घडवून पाठविण्याऐवजी पेशी अनेकदा केवळ त्याचे आज्ञापत्र, म्हणजेच संदेशवाहक आरएनए, रवाना करते. १९८२ मध्ये ओस्वाल्ड स्टुअर्ड व विल्यम लेव्ही यांना चेतापेशींच्या संधिस्थानांलगत प्रथिने घडविणारे रायबोसोम आढळले आणि या कल्पनेस बळकटी आली.

या आज्ञापत्रावर जणू पत्ताही लिहिलेला असतो. बीटा-ॲक्टिन प्रथिनाच्या आरएनएवरील पत्ता ५४ घटकांचा आहे. झेडबीपी-१ नामक प्रथिन तो ओळखून आरएनएला बिलगते व वाटेत प्रथिननिर्मिती होऊ देत नाही. अशी गाठोडी कायनेसिन व डायनीन ही वाहक प्रथिने सूक्ष्मनलिकांच्या मार्गाने नेतात. मुक्कामी योग्य संकेत मिळताच बंधन सुटते व प्रथिन तेथेच तयार होते. स्मृती दृढ होण्यास ही स्थानिक निर्मिती साहाय्यभूत ठरते.

या निर्मितीस आवर घालणारे एफएमआरपी हे प्रथिन जनुकीय दोषामुळे तयार न झाल्यास ‘फ्रॅजाइल एक्स’ हा बौद्धिक वाढ खुंटविणारा आनुवंशिक विकार संभवतो. त्याचे जनुक १९९१ मध्ये सापडले. रक्ताच्या जनुकीय तपासणीने निदान होते. अशा बालकाचे मागे पडणे हा त्याचा आळस नव्हे, की आईच्या संगोपनातील उणीवही नव्हे, हे पालक व शिक्षक यांनी ध्यानी घ्यावे.