प्रकल्प जागतिक बँकेचा, गाऱ्हाणं कुणाकडे?

‘पैसा परदेशी, निर्णय वरचा, आपल्याला कोण विचारतो?’ प्रकल्पग्रस्त वस्त्यांमध्ये हे हमखास ऐकू येतं. मुळात जागतिक बँकेचा हा पैसा बहुतेक वेळा देणगी नसतो, कर्ज असतं, आणि ते आपल्याच तिजोरीतून फेडलं जातं.

तक्रारीसाठी वकील आणि इंग्रजी लागतं, हा दुसरा समज. बँकेच्या तपासणी पॅनेलकडे दोन बाधित माणसंही साधं पत्र लिहून जाऊ शकतात, अगदी मराठीत. शुल्क नाही, नावं गुप्त ठेवता येतात. फक्त प्रश्न आधी बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे मांडलेला हवा. 1993 साली हे पॅनेल स्थापन होण्यामागे मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या आदिवासी गावांचा लढा होता, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये. तिथल्या सरदार सरोवर धरणाच्या पुनर्वसनातले गंभीर दोष बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये मांडले आणि पुढच्याच वर्षी भारत सरकारने बँकेचं उरलेलं कर्ज सोडून दिलं.

‘तक्रार करून काय होतं?’ याचं उत्तर मुंबईत मिळतं. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात सुमारे 1,20,000 माणसं विस्थापित होणार होती. 2004 मध्ये कुर्ल्याचे दुकानदार आणि इतर रहिवासी पॅनेलकडे गेले. दुकान कितीही मोठं असो, मोबदल्यात जास्तीत जास्त 225 चौरस फुटांचा गाळा, हे त्यांना मान्य नव्हतं. दुकान गेलं की गिऱ्हाईक जातं, कामगारांची रोजी जाते. हे हिशेबात कुठे होतं? चौकशीत बाधितांशी झालेली सल्लामसलत अपुरी ठरली, उपजीविकेकडे दुर्लक्ष झाल्याचंही दिसलं. 1 मार्च 2006 रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या कामांचा निधी थांबवला. सुधारणांचं आश्वासन मिळाल्यावर जूनअखेरीस तो पुन्हा सुरू झाला.

मात्र पॅनेल म्हणजे न्यायालय, हा समजही तितकाच घातक. बँकेने स्वतःचे नियम पाळले का, एवढंच ते तपासतं. भरपाईचा हुकूम देत नाही, ठेकेदाराला शिक्षाही करत नाही. बँक बाहेर पडल्यावरही सरदार सरोवर बांधून झालंच.

म्हणून खरं काम आधीचं. बैठकीच्या हजेरीपटावरची सही म्हणजे संमती नव्हे. सर्वेक्षणात आपलं घर, दुकान, भाडेकरू नोंदले गेले का, हे तिथल्या तिथे तपासावं आणि पुनर्वसन आराखडा मंजुरीपूर्वीच मराठीत मागावा.