पाटी रंगवली, घराचं काय?

सरकार आणि जाळं : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण खोट्या विनंत्यांचा पूर आणून वेबसाइट बंद कशी पाडतात ते पाहिलं. तिथं साइट उघडतच नाही. आजच्या प्रकारात ती उघडते, पत्ताही तोच असतो, पण समोर येणारं पान दुसऱ्याच कुणाचं असतं. याला डिफेसमेंट म्हणतात.

१४ जानेवारी २०२२. युक्रेनच्या सीमेवर रशियाचं सैन्य जमलेलं होतं. त्या दिवशी सकाळी परराष्ट्र आणि शिक्षण मंत्रालयांसह सुमारे ७० सरकारी साइटवर गडबड झाली. त्यांतल्या अनेकांवर युक्रेनियन, रशियन आणि पोलिश भाषांत एकच मजकूर झळकला : तुमची खासगी माहिती उघडी पडली आहे, घाबरा. पोलंड आणि युक्रेन यांच्यातल्या जुन्या जखमांचाही त्यात उल्लेख होता. पण पोलिश वाचकांना ती भाषा खटकली. यंत्राकडून भाषांतर करून घ्यावं तशी ती वाक्यं होती.

पान बदललं कसं? सरकारी साइटवरचा मजकूर रोज कुणी संगणकाच्या भाषेत लिहीत बसत नाही. कार्यालयातला कर्मचारी नाव आणि पासवर्ड टाकून एका प्रणालीत शिरतो, परिपत्रक चढवतो, बटण दाबतो. त्याच्या खुर्चीत जो बसेल, त्याच्या हाती पान. युक्रेनमधल्या बऱ्याच साइट ‘ऑक्टोबर’ नावाच्या अशाच प्रणालीवर चालत होत्या. तपासयंत्रणेला ज्या वाटांचा संशय आला, त्यांतली एक याच प्रणालीतल्या ‘पासवर्ड विसरलात?’ या सोयीतून जात होती.

ही चूक समजून घेण्यासारखी आहे. पासवर्ड बदलायचा असेल तर प्रणाली एक सांकेतिक शब्द पाठवते आणि तुम्ही परत दिलेला शब्द तोच आहे का, ते पडताळते. ही प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेली आहे. या भाषेत दोन बरोबर-चिन्हं लिहिली तर तुलना ढोबळ होते, तीन लिहिली तर काटेकोर. इथं दोनच होती. त्यामुळे सांकेतिक शब्दाऐवजी नुसतं ‘खरं’ अशा अर्थाचं मूल्य पाठवलं, तरी पडताळणी होकार देत असे. दुरुस्ती २०२१ मध्येच निघाली होती. ती ज्या साइटवर बसवली गेली नाही, तिथं दार उघडंच राहिलं. शिवाय बऱ्याच साइट एकाच खासगी कंपनीने बांधलेल्या होत्या, आणि त्या कंपनीच्या यंत्रणेतही शिरकाव झाला होता.

नागरिकांची माहिती सुरक्षित आहे, असं सरकारने त्याच दिवशी सांगितलं. पण त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टला युक्रेनमधल्या अनेक संस्थांच्या संगणकांत एक प्रोग्राम सापडला. वरवर तो खंडणी मागत होता, प्रत्यक्षात माहिती कायमची पुसत होता. लोक पानाकडे पाहत होते तेव्हा खरी हानी आत चालली होती.

म्हणूनच ‘फक्त मुखपृष्ठ बदललं, माहितीला धक्का नाही’ हे वाक्य घटनेनंतर दोन तासांत ऐकलं की मला काळजी वाटते. ते कधीकधी खरंही असतं, कारण दिसणारी पानं आणि नागरिकांच्या नोंदी वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवता येतात. पण ते ठरतं नोंदवह्या तपासल्यावर : कोण आलं, कुठून आलं, किती दिवस आत होतं. त्याला दोन तास पुरत नाहीत. आपल्याकडचंच उदाहरण घ्या : पोखरणच्या चाचण्यांनंतर, जून १९९८ मध्ये, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लागलं. ते लावणारी ‘मिलवर्म’ टोळी किशोरवयीन मुलांची होती. लोकांच्या लक्षात चित्र राहिलं. ई-मेलही बाहेर गेले होते, हे आज किती जणांना आठवतं?

दिसणाऱ्यावर इतकी नजर खिळली की घोटाळा दोन्हीकडून होतो. ६ एप्रिल २०१८ ला संरक्षण मंत्रालयाच्या साइटवर एक चिनी अक्षर दिसलं आणि चीनने हल्ला केल्याची बातमी देशभर पसरली. ते अक्षर ‘झेन’ हे होतं, साइटच्या तयार साच्याचं मूळ बोधचिन्ह. हल्ला नव्हताच, यंत्रसामग्रीत बिघाड झाला होता.

आता याची दुसरी बाजू. २०२४ च्या मे महिन्यात बिहार, केरळ, गोवा अशा राज्यांच्या ‘गव्ह डॉट इन’ पत्त्यांवरचे कितीतरी दुवे सट्टेबाजीच्या साइटकडे वळवलेले आढळले. कवटीचं चित्र नाही, धमकी नाही, मुखपृष्ठ जसंच्या तसं. साइट विद्रूप झाली किंवा तिच्यात शिरकाव झाला, तर लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेला कळवावं, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. इथं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शोधयंत्रात सरकारी पत्ता दिसला म्हणून माणसं विश्वासाने दाबत होती, आणि पोचत होती जुगाराच्या पानावर.